तुम्ही विचारलंत म्हणून: आधी गणित की आधी टूल?

स्टॅटिक अ‍ॅनालिसिस (प्रोग्राम न चालवता त्याच्याबद्दल निष्कर्ष काढणं) शिकायला आधी लॅटिसचं (कमी-जास्त नेमक्या माहितीचा क्रम लावणाऱ्या रचनेचं) गणित करावं की सरळ एखादं टूल चालवून बघावं? माझं उत्तर: आधी कागद-पेन्सिल आणि एक लूप.

'क'मध्ये ० ठेवा. क १००पेक्षा लहान असेपर्यंत त्यात १ मिळवत राहा. आता प्रोग्राम न चालवता सांगा, लूपच्या तोंडाशी क कुठून कुठपर्यंत असेल? सुरुवातीला [०, ०]. लूपमधून १ परत येतो, दोन्ही मिळून [०, १]. मग [०, २]. असंच १००पर्यंत. मर्यादा दहा लाख असती तर फेऱ्याही दहा लाख. म्हणून वाइडनिंग: वरचं टोक वाढताना दिसलं की ते थेट अनंतावर न्यायचं. [०, ∞] हे उत्तर खरं आहे, पण फार ढोबळ. आता आणखी एक फेरी मारा. आत शिरताना अट त्याला [०, ९९]वर कापते, १ मिळवल्यावर [१, १००], सुरुवातीच्या शून्यासह [०, १००]. बाहेर पडताना अट उलटी होते, म्हणून नेमके १००. हे नॅरोइंग. पॅट्रिक आणि राधिया कूझो यांनी १९७७ मध्ये मांडलेली अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनची कल्पना, म्हणजे नेमक्या किमतींऐवजी त्यांना सामावणाऱ्या ढोबळ वर्णनांवर प्रोग्राम चालवून बघणं, इथे हाताला लागते, आणि मग लॅटिसच्या व्याख्या आपोआप अर्थपूर्ण वाटतात.

हेच कोडमध्ये उतरवताना तीन ठिकाणी घसरायला होतं. वाइडनिंग प्रत्येक ओळीवर लावलं तर नेमकेपणा उगाच सांडतो. लूपच्या तोंडाशी पुरे. दुसरी चूक वेगळ्या अ‍ॅनालिसिसमधली: अव्हेलेबल एक्स्प्रेशन्समध्ये (कोणत्या एक्स्प्रेशनची किंमत इथवर प्रत्येक वाटेने आधीच काढलेली आहे, हे शोधताना) प्रवेशबिंदू सोडून सगळीकडे 'सर्व एक्स्प्रेशन्स' भरून सुरुवात करायची. रिकामा संच भरलात तर उत्तर चुकत नाही, पण लूपआधी काढलेलं फारसं काही लूपपलीकडे टिकत नाही. तिसरी चूक सर्वांत घातक: गणितातले पूर्णांक गृहीत धरायचे आणि मशीनवर ३२ बिटांचे असायचे. ओव्हरफ्लो (आकडा ३२ बिटांत न मावणं) नजरेतून सुटला की तुमची हमीच खोटी.

राइसच्या १९५३च्या प्रमेयामुळे सगळ्या प्रोग्रामांसाठी अचूक उत्तर देणारं टूल अशक्य आहे. पण ठरावीक कोडसाठी फार जवळ जाता येतं. २००३ मध्ये अ‍ॅस्ट्रे या अ‍ॅनालायझरने एअरबस ए३४०च्या मुख्य उड्डाण-नियंत्रणाच्या १,३२,००० ओळींच्या सी कोडमध्ये रनटाइम चुका नाहीत हे सिद्ध केलं. डिजिटल फिल्टरांना इंटर्व्हल (वरच्या [०, १००]सारखी टोकांची जोडी) पुरेना, म्हणून तिथे लंबवर्तुळाचं डोमेन (किमती ढोबळपणे मांडायचा प्रकार) घातलं होतं.

यानंतर खुशाल टूल उघडा. प्रत्येक खोट्या इशाऱ्याशी थांबा आणि शोधा: माहिती नेमक्या कोणत्या जोडावर (दोन वाटा एकत्र येतात तिथे) सांडली?