पायाच्या अंगठ्याचा ठसा

आमचा दादा, म्हणजे माझा मुलगा, अठरा वर्षांचा झाला आणि त्याच महिन्यात बँकेतून त्याचे पैसे निघेनात. खातं त्याच्या नावावर, तोवर तो अठराच्या आतला म्हणून पालक मी. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्यातच यायचे. काउंटरवर सांगितलं, "मुलगा सज्ञान झाला, आता त्याची सही लागेल. सही येत नसेल तर पालकत्वाचा कागद आणा."

दादाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. सातव्या महिन्यात जन्मला, वजन सव्वा किलो. दोन्ही हात, दोन्ही पाय ताठ. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. 'हो' म्हणायचं असेल तर वर बघतो, 'नाही' असेल तर डोळे मिटून घेतो.

तो लहान असताना डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला झालेली इजा वाढत जात नाही. खरं आहे ते. पण शरीर वाढतं, आणि ताठ स्नायू हाडांबरोबर लांबत नाहीत, हे आम्हाला वर्षं जातील तसं कळलं. आठव्या वर्षी एक्स-रेमध्ये खुब्याचा सांधा सरकलेला दिसला, ऑपरेशन झालं. पंधराव्या वर्षी उंची भराभर वाढली आणि पाठीचा कणा वाकायला लागला. गिळताना ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जायची भीती, म्हणून एका जेवणाला पाऊण तास. माझं शिवणकाम कधी बंद पडलं ते आठवतही नाही. आज तो ४१ किलोचा आहे. ह्यांची ड्यूटी पहाटेची, त्यामुळे अंघोळीला उचलायला मी एकटी, आणि आता माझीच कंबर धरलीये. घरात एकाच पगारावर चौघं. त्याच्या गोळ्या आणि डायपर त्या खात्यातूनच यायचे.

पालकत्वासाठी कोर्टात जावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालचा, सेरेब्रल पाल्सीसारखं अपंगत्व असणाऱ्यांसाठीचा. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही तीत असते. आईवडिलांनी तिथे अर्ज करायचा. मी अर्ज भरून तयार ठेवला होता.

थेरपी सेंटरमधल्या समाजसेविका ताईंनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "दादाला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. अठरा वर्षं त्याचं सगळं मीच ठरवत आले होते. घरी येऊन त्याच्यासमोर बसले, सगळं समजावलं आणि विचारलं, "तुझ्या वतीने मी सह्या करू, असा कागद करायचा का?" त्याने डोळे मिटले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा मिटले.

ज्या मुलांना निर्णय घेता येणं शक्यच नाही, त्यांच्या आईवडिलांनी या समितीकडे जरूर जावं, अठरा पूर्ण व्हायच्या आधीच कागद गोळा करून ठेवावेत. पण पालकाची खरोखर गरज आहे का, हे त्या समितीनेही बघायचं असतं. आमच्या दादाची अडचण हाताची आहे, बुद्धीची नाही.

मग ताईंनी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत दिली. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कोण काढणार तेही नोंदवायचं. मॅनेजरसाहेबांनी प्रत दोनदा वाचली आणि मंगळवारी या म्हणाले.

बँकेला तीन पायऱ्या. वॉचमनने आणि ह्यांनी व्हीलचेअर उचलून आत घेतली. दादाची मूठ उघडायला गेलं की अजूनच घट्ट होते, म्हणून मी त्याचा मोजा काढला. पाऊल आत वळलेलं, पहिला ठसा फराटला. मी पोटरी हलक्या हाताने चोळत राहिले, ताठरपणा जरा सैल झाला आणि दुसरा ठसा नीट उठला. साहेबांनी मला नाही, त्याला विचारलं, "पैसे आईने काढले तर चालतील?" दादाने वर पंख्याकडे बघितलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या, माझीही झाली.

निळी शाई तीन दिवस नखाच्या कडेला राहिली. मी साबण घेऊन पुसायला गेले की तो डोळे मिटून घ्यायचा.