ओढण्याचं सोड, पेलण्याचं सांग

आमच्या केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला विषय एचपीचा. पंचेचाळीस की पंचावन्न, यावर पारावर दुपार निघून जाते. ऊस वाहतुकीत मुरलेला माणूस मात्र गप ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, ट्रॉली कसली लावणार? दोन चाकी का चार चाकी? वाटेत घाट किती? माझी उमेद कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत गेली, त्यामुळं मीही त्यातलाच.

माझा भाचा अमेरिकेत डॅलसजवळ असतो, सॉफ्टवेअरमध्ये. हंगाम संपता संपता त्याचा फोन आला. "मामा, एक मोठा ट्रेलर घ्यायलोय. घरात डिझेल पिकअप हायेच. ओढंल ना ती?" सोबत फोटो. ट्रेलर कसला, बेचाळीस फुटी घरच ते. पुढं झोपायची खोली, मधे स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, आणि मागं चक्क गॅरेज. मागची भिंत खाली पाडली की तिचाच रॅम्प होतो, त्यावरून वाळूत पळवायची चारचाकी आत चढवायची. तिकडं याला टॉय हॉलर म्हणतात. ओक्लाहोमा राज्यात वायनोका गावापाशी लिटल सहारा नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, तिथं हे खेळ चालतात. खेळण्याचं वजन आठ-नऊशे किलो. असो, ज्याची त्याची हौस.

हा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला लागत नाही. त्याची मान पिकअपच्या हौद्यावर येते आणि मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसवलेल्या पाटीत त्याची किंगपिन, म्हणजे मानेखालची जाड लोखंडी पिन, अडकते. जालन्याहून सळई घेऊन निघणारे ट्रेलर पाहिलेत ना, किंवा पाटोद्याकडं पवनचक्कीची पाती नेणारे? जोडणी तीच. फायदा असा की ट्रेलर मागं शेपटीसारखा वळवळत नाही. पण त्याचा सगळा पुढचा भार थेट गाडीच्या पाठीवर येतो, आणि खरी गोम तिथंच आहे.

विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, "आरामात ओढेल." त्यात खोटं काही नाही. ओढायचं म्हटलं तर आमचं पन्नास एचपीचं हेड, म्हणजे नुसता ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-पंचवीस टन ऊस ओढतं, वर टेपवर गाणी लावून. तिकडच्या फोर्डच्या थोरल्या डिझेल इंजिनाला ५०० एचपी आणि १,२०० पौंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आहे; आपल्या मापात सोळाशे न्यूटन-मीटरच्या वर. त्याच्यापुढं नऊ टनांचा ट्रेलर म्हणजे किस झाड की पत्ती. मी त्याला म्हटलं, "बाबा, ओढण्याचं सोड, पेलण्याचं सांग. पाठीवर किती येतंय आणि पाठ किती सोसती?"

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. दोन चाकी ट्रॉली भरताना मोळ्या पुढच्या अंगाला जास्त पडल्या की सगळा दाब हुकावर येतो. सपाटीला काही कळत नाही. शेतातून डांबरीवर चढायला लागलं की हेडाची पुढची चाकं टेकतात न टेकतात अशी होतात. स्टेअरिंग लोण्यासारखं हलकं लागतं, फिरवलं तरी गाडी सरळच. मग ड्रायव्हर एका बाजूचं ब्रेक पेडल दाबून हेड वळवतो. नवं पोरगं असलं की त्याला वाटतं स्टेअरिंगच बिघडलं. इंजिन मात्र त्या वेळी मजेत ओढत असतं. ताकद कमी पडली म्हणून कुणाचं हेड उलटलेलं मी पाहिलं नाही. भार चुकीच्या जागी आला म्हणून उलटलेली पाहिलीत.

तर भाच्याला दोन कामं लावली. पहिलं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्याचा फोटो पाठव. दुसरं, डिझेलची टाकी फुल कर, बायको-पोरं गाडीत बसव आणि काट्यावर जाऊन ये. तिकडं हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. आपल्या कारखान्याच्या काट्यावर भरलेलं वजन आणि रिकामं वजन, एवढंच कळतं. त्यांच्या काट्याला वेगवेगळे तुकडे असतात. पुढच्या ॲक्सलचं वेगळं, मागच्याचं वेगळं, ट्रेलरचं वेगळं, सगळं एकाच पावतीवर. हे मला फार आवडलं.

स्टिकर आणि पावती आली. स्टिकरवर गाडीचं पासिंग, म्हणजे गाडी, माणसं आणि पाठीवरचं ओझं मिळून जास्तीत जास्त वजन, १०,००० पौंड, ४,५३६ किलो. काट्यावर माणसांसकट वजन भरलं ८,२५० पौंड. उरले १,७५० पौंड, आठशे किलोला थोडे कमी. त्यात हौद्यात बसवायची ती लोखंडी पाटी अजून धरलेली नाही.

आता ट्रेलर. पूर्ण भरल्यावर त्याचं पासिंग १९,००० पौंड, साडेआठ टनांच्या वर. अशा ट्रेलरच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा पिनवर येतो, कधी पावही येतो. म्हणजे पंचमांश धरला तरी ३,८०० पौंड, सतराशे किलो. पाठ सोसते आठशे, ओझं येतंय सतराशे. छापील पत्रकात पिनवरचं वजन यापेक्षा कमी लिहिलेलं होतं, पण ते कोऱ्या ट्रेलरचं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत. कोऱ्या ट्रेलरमध्ये संसार करता येत नाही.

टॉय हॉलरची आणखी एक गंमत आहे, आणि ती कळायला मला स्वतःला कागदावर चित्र काढावं लागलं. साध्या ट्रेलरमध्ये सामान वाढलं की पिनवरचं वजनही वाढतं. इथं गॅरेज चाकांच्या मागं आहे. त्यात गाडी चढवली की मागचं अंग खाली दबतं आणि पिनवरचा भार उलट हलका होतो. म्हणून हे ट्रेलर बनवतानाच पुढून जड ठेवतात. जनरेटरही बहुधा पुढच्या अंगालाच असतो. म्हणजे खेळणं घरी ठेवून नुसतं फिरायला निघाला, तर एकूण वजन कमी, पण पाठीवर ओझं जास्त! पाण्याची टाकी कुठं आहे तेही बघावं लागतं. शंभर गॅलन पाणी म्हणजे पावणेचारशे किलो. ते चाकांच्या पुढं असलं तर वेगळा हिशोब, मागं असलं तर वेगळा. भाचा म्हणाला, "मामा, हे तर एक्सेल शीटच करावं लागंल." मी म्हटलं, कर की मग, त्याचाच तर पगार घेतोस. पण शेवटी काट्यावरच जा.

मधे त्याला कुणीतरी सुचवलं, मागच्या सस्पेन्शनमध्ये हवेचे फुगे बसवून घे, गाडी बसणार नाही. हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडं हेच पाटे वाढवून करतात. कमानीत दोन पाटे जास्तीचे घातले की ट्रॉली खाली बसत नाही, दिसायला झकास. पण त्यानं ॲक्सल जाड झाला का? बेअरिंग बदलली का? टायर तेच, ब्रेक तेच. गाडी वाकलेली दिसत नाही, एवढाच फरक. फुग्यानं दारावरचा स्टिकर बदलत नाही.

मग कुठली गाडी? एवढ्या ट्रेलरला एक टनी वर्गाची, मागं चार टायरवाली गाडी लागते. तिकडं तिला ड्यूली म्हणतात. एक टनी हे नुसतं वर्गाचं नाव, ती पेलते त्याहून जास्त. तिचं पासिंग १४,००० पौंड, ६,३५० किलो. डिझेल, चार दरवाजे, पुढच्या चाकांनाही ताकद, आणि वर माणसं, एवढं धरूनही दोन टनांच्या वर पाठ शिल्लक राहते. सतराशे किलो बसवून वर थोडी सवड राहते. चार टायरचा दुसरा फायदा वाऱ्यात. बेचाळीस फुटांच्या भिंतीला टेक्सासच्या माळावर आडवा वारा लागतो तेव्हा मागचा पाया रुंद हवा. आणि एक टायर फुटला तर शेजारचा सावरून घेतो.

पेट्रोल इंजिन घेतलं तर इंजिनच हलकं, त्यामुळं पाठ जास्त उरते आणि पैसेही वाचतात. त्याच्या बायकोचं मत त्या बाजूचं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पण हे लोक कोलोरॅडोला जाणार. वाटेत न्यू मेक्सिकोच्या सीमेवर रॅटन पास आहे, उंची ७,८३४ फूट. तेवढ्या उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन तिथं दमतं, टर्बो डिझेल त्यामानानं टिकून राहतं. चढ तरी एक वेळ हळू चढता येतो, उताराचं काय? आमच्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मांजरसुंब्याच्या घाटात मागचे वीस टन हेडाला पुढं ढकलायला लागले की काय होतं ते ज्यानं अनुभवलं, तो डिझेल वाचवायला न्यूट्रल करणार नाही. तिकडच्या ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात, गाडीतल्या कंट्रोलरवरून किती दाबायचे ते ठरवता येतं, आणि जोडणी तुटून ट्रेलर सुटलाच तर ते आपोआप लागतात. शिवाय डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक. इंजिनच गाडी धरून ठेवतं, पायाला काम कमी. मी तर म्हणेन, घाटात जायचं असेल तर डिझेलचे जास्तीचे पैसे चढासाठी नव्हे, उतारासाठी द्यायचे.

जाहिरातीतल्या ओढण्याच्या आकड्यांबद्दलही एक सांगतो. ते हवेतले नसतात. तिकडं एसएई जे२८०७ नावाची चाचणी आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे, एसी पूर्ण चालू ठेवून ओझं घेऊन तो चढायचा, ठरलेल्या वेगाच्या खाली यायचं नाही. चाचणी कडक आहे. पण तो मोठा आकडा त्या मॉडेलच्या एका विशिष्ट जोडणीचा असतो, मागच्या ॲक्सलचा अमुक गिअर रेशो, अमुक इंजिन, बिनाफॅशनची केबिन. शोरूममध्ये उभी असलेली चामड्याच्या सीटची, काचेच्या छताची गाडी ती नव्हे. प्रत्येक फॅशन पाठीवरून वजा होते. म्हणून स्टिकर वाचायचा तो त्याच गाडीच्या दारावरचा, जी आपण घेणार.

हौदा आठ फुटी घ्यायला सांगितला. आखूड हौद्यात वळताना ट्रेलरची मान केबिनच्या काचेला भिडू शकते, मग सरकणारी महागडी पाटी बसवावी लागते. हौद्याची कड आणि ट्रेलरची मान यांच्यात हाताची वीत शिरेल इतकी तरी जागा हवी. आजकालच्या पिकअप इतक्या उंच झाल्यात की ट्रेलर नाक वर करून चालतो आणि मागच्या टायरवर भलता दाब येतो.

कंपनी कुठली, यावर मी फार बोललो नाही. फोर्ड, जीएम आणि रॅम, तीनही मोठ्या कंपन्यांची डिझेल इंजिनं दमदार आहेत. तरी माझा कल रॅमकडं, कारण त्यात कमिन्सचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन. १९६२ पासून पुण्यात किर्लोस्करांच्या जोडीनं कमिन्सची इंजिनं निघायला लागली, आणि आमच्या पिढीला जनरेटर म्हटलं की तेच नाव आठवतं. हा भावनेचा कौल झाला, हिशोबाचा नाही, हे त्याला सांगून टाकलं. त्यानं जुना फ्रेटलायनर ट्रक घेऊन त्यावर पाटी बसवण्याचाही विचार केला होता. मला तो बेत मनापासून आवडला. त्याची बायको म्हणाली, तो घेऊन भाजीला तुम्हीच जा.

शेवटी एक टनी ड्यूली ठरली. किंमत ऐंशी हजार डॉलरच्या वर. जुनी पिकअप विकायला काढली. ट्रेलर विकणाऱ्याला काट्याची पावती दाखवली तर तो म्हणाला, "लोक नेतात की." नेतात, आमच्याकडंही नेतात.

आता एकच काम अडलंय. टेक्सासात गाडी आणि ट्रेलर यांचं मिळून पासिंग २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर एकटा १०,००० च्या वर असला, की घरगुती वापरालाही वरच्या वर्गाचा, क्लास ए परवाना लागतो. याचं गाडीचे १४ हजार आणि ट्रेलरचे १९ हजार मिळून ३३,००० होतंय. परीक्षा तसल्याच जोडणीवर द्यावी लागते, म्हणजे अख्खं घर मागं लावून आरटीओसारख्या त्या हापिसात जायचं, आणि सोबत तो परवाना असलेला माणूस बसवून न्यायचा. असा माणूस तो सध्या शोधायलाय. ओळखीत सगळे कॉम्प्युटरवाले.