चालू टेबलाला हात लावताना

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १० कोटी ओळींच्या टेबलाला एक साधा कॉलम जोडायला काही मिलिसेकंद लागतात. तरी त्याच एका ओळीच्या मायग्रेशनने (टेबलाची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) अख्खं ॲप पाच-दहा मिनिटं ठप्प होतं. सीपीयू निवांत, डिस्क निवांत, आणि वरून फोनवर फोन. वेळ कामात जात नाही, लॉकची, म्हणजे टेबलाच्या तात्पुरत्या ताब्याची, वाट बघण्यात जातो, आणि ती वाट एकटं मायग्रेशन बघत नाही.

'ऑल्टर टेबल'ला बहुतेक बदलांसाठी 'ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह' लॉक लागतं. त्याचं साध्या 'सिलेक्ट'शीही, म्हणजे नुसत्या वाचनाशीही, जमत नाही. समजा, त्या टेबलावर कुणाचा तरी वीस मिनिटांचा रिपोर्ट चालू आहे. 'ऑल्टर' त्याच्या मागे थांबतं. त्यानंतर येणारी प्रत्येक क्वेरी, अगदी एका आयडीवरचं 'सिलेक्ट'सुद्धा, 'ऑल्टर'च्या मागे उभी राहते. रिपोर्टशी तिचं काही भांडण नसतं, पण रांगेत पुढे असलेल्या 'ऑल्टर'शी असतं. कनेक्शन पूल (ॲपच्या डेटाबेस-जोडण्यांचा मर्यादित साठा) भरतो आणि ज्या पानांचा या टेबलाशी संबंध नाही तीही उघडेनाशी होतात.

उपाय एका ओळीचा आहे: मायग्रेशनच्या सेशनमध्ये 'लॉक टाइमआउट' २ सेकंद ठेवा. मूळ सेटिंग ० असतं, म्हणजे अमर्याद वाट बघणं. २ सेकंदांत लॉक मिळालं नाही तर आदेश रद्द होतो आणि रांग मोकळी होते. मग १०-२० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न. हे स्क्रिप्टकडूनच करून घ्यावं. ही मर्यादा अर्ध्या सेकंदावर मात्र आणू नका. ऑटोव्हॅक्यूम (ओळींच्या जुन्या प्रती आपोआप साफ करणारी प्रक्रिया) आडवा आला तर पोस्टग्रेस त्याला बाजूला सारतं, पण ते 'डेडलॉक टाइमआउट' उलटल्यावर, आणि त्याची मूळ किंमत १ सेकंद आहे. तुम्ही त्याआधीच माघार घेतलीत तर ऑटोव्हॅक्यूम जागचा हलणार नाही. रॅपअराउंड (अंतर्गत क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून मोजले जाणं) टाळण्यासाठी चाललेला ऑटोव्हॅक्यूम तर असाही हलत नाही. तो संपू द्यावा.

सुरुवात करण्याआधी, सध्याची कनेक्शन दाखवणाऱ्या 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'त जुनी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या आदेशांचे गट) बघा, विशेषतः 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतली. ऑटोकमिट (प्रत्येक आदेश लगेच आपोआप पक्का होणं) बंद असलेल्या टूलमध्ये कुणी एक 'सिलेक्ट' मारून जेवायला गेलं, तरी त्याचं लॉक तो परत येईपर्यंत तसंच राहतं. कोण कुणाला अडवतंय ते 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' हे फंक्शन सांगतं. आणि रात्री दोनची वेळ आपोआप सुरक्षित ठरत नाही. तेव्हाच बॅकअपचा 'पीजी डम्प' चालू असतो, आणि तो सगळ्या टेबलांवरचं लॉक शेवटपर्यंत धरून ठेवतो. रात्रीच्या रिलीजचा हट्ट धरणाऱ्या मॅनेजरला आधी क्रॉनचं (आपोआप चालणाऱ्या कामांचं) वेळापत्रक दाखवावं.

आता कॉलमबद्दल. आवृत्ती ११ पासून स्थिर डिफॉल्टसह कॉलम घातला तर टेबल नव्याने लिहिलं जात नाही. 'नाऊ' चालतं, कारण त्याची किंमत एकदाच काढली जाते. रँडम किंवा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) तयार करणारं फंक्शन डिफॉल्टला दिलंत, तर प्रत्येक ओळ वेगळी भरावी लागते आणि तोवर टेबलाला कुलूप. तसंच 'इंटिजर'चं 'बिगइंट' करताना सगळं टेबल आणि त्याचे इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या सूची) पुन्हा लिहिले जातात. तेवढी जास्तीची डिस्क लागते, शिवाय रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) मागे पडते. 'व्हारकार' (मजकुराची कमाल लांबी) ५० चं १०० करणं मात्र फुकट.

'नॉट नल' (कॉलम रिकामा चालणार नाही ही अट) थेट लावलं तर लॉक धरून सगळ्या ओळी तपासल्या जातात. त्याऐवजी आधी तीच अट 'चेक' म्हणून 'नॉट व्हॅलिड'सह (जुन्या ओळी आत्ता न तपासता) घाला, मग 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' चालवा. ही तपासणी लांबते, पण वाचन-लेखन सुरू राहतं. नंतर 'सेट नॉट नल' करा. आवृत्ती १२ पासून तो आधीच्या चेकवर भरवसा ठेवतो आणि पुन्हा तपासत नाही. मग चेक काढून टाका. फॉरेन कीलाही (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी नातं बांधणाऱ्या अटीलाही) हीच दोन टप्प्यांची वाट. तिथे मायएसक्यूएलवरून आलेले लोक हमखास फसतात: मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन फॉरेन कीच्या कॉलमवर स्वतःहून इंडेक्स करतं, पोस्टग्रेस करत नाही. मग मूळ टेबलातली एक ओळ पुसायला दुसरं टेबल आख्खं वाचलं जातं.

जुन्या ओळी भरायच्या असतील तर एकच मोठं 'अपडेट' नको. प्रायमरी कीच्या पट्ट्यांनी ५ ते १० हजार ओळी, प्रत्येक वेळी कमिट. 'ऑफसेट' (आधीच्या ओळी मोजून गाळणं) वापरू नका, पुढे जाल तसं ते मंदावत जातं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेट ओळीची नवी प्रत बनवतं आणि जुनी मृत होऊन पडून राहते. ऑटोव्हॅक्यूमचा मूळ स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा मृत झाल्यावर चालायचं ते प्रमाण) ०.२ असल्याने १० कोटींच्या टेबलात सुमारे २ कोटी मृत ओळी साठल्याशिवाय तो तिकडे फिरकत नाही. त्या एका टेबलापुरता हा फॅक्टर आधीच ०.०१ करावा.

इंडेक्स नेहमी 'कन्करंटली', म्हणजे टेबलाचं काम चालू ठेवून. साधं 'क्रिएट इंडेक्स' चालू असताना वाचन चालतं, पण लेखन थांबतं. 'कन्करंटली' टेबल दोनदा वाचतं आणि आधीपासून चालू असलेली ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट बघतं, त्याच डेटाबेसमधल्या दुसऱ्या टेबलांवरचीसुद्धा. म्हणून इथे 'लॉक टाइमआउट' आणि 'स्टेटमेंट टाइमआउट' दोन्ही ० ठेवा, वर सांगितलेल्याच्या बरोबर उलट. हा आदेश ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे जँगो या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये त्या मायग्रेशनला 'ॲटॉमिक' फॉल्स करावं लागतं.

आणि खरा सापळा तो मध्येच तुटला तर. अर्धवट इंडेक्स 'इनव्हॅलिड' म्हणून मागे राहतो. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण इन्सर्ट-अपडेटचा भार सुरूच. त्यात मायग्रेशनमध्ये 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लिहिलेलं असेल, तर दुसऱ्या फेरीत पोस्टग्रेस फक्त नाव बघतं, ते आहे म्हणून पुढे जातं, आणि डिप्लॉय हिरवा दिसतो. पुढे कधीतरी कुणी विचारतं की इंडेक्स असून क्वेरी संथ का. त्यामुळे प्रत्येक इंडेक्सनंतर 'पीजी इंडेक्स'मधला 'इंडिसव्हॅलिड' कॉलम तपासा. तो फॉल्स असेल तर 'ड्रॉप इंडेक्स कन्करंटली' करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.