तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसिनोच्या टेबलावर हात कुठं ठेवायचे?

"ताई, गोव्याला चाललोय, कॅसिनोत पण जायचंय. तिथं बसायचं कसं तेवढं सांगा, आपलं हसं नको व्हायला." लातूरकडं कुणाच्या लग्नाला गेले की हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक पुरुष, आवाज जरा खाली. पणजीत मांडवीवरच्या एका तरंगत्या कॅसिनोत मी काही वर्षं डीलर, म्हणजे टेबलावर पानं वाटणारी, होते, हे आता सगळ्या पाहुण्यारावळ्यांना ठाऊक झालंय. आई मात्र अजून "हॉटेल लाइनला होती" एवढंच सांगते.

विचारणाऱ्यांपैकी बरेच जण तिर्रट कोळून प्यालेले असतात. पानं पिसणं, वाटणं, ब्लाइंड चाल, शो, यातलं त्यांना मी काय शिकवणार? त्यांची अडचण पत्त्यांत नसते, हातांत असते. गावाकडच्या डावात ज्या सवयींनी माणूस सराईत आणि दिलदार दिसतो, नेमक्या त्याच तिथं नडतात.

सगळ्यात आधी पैसे. आपल्याकडं बाईमाणसाला पैसे द्यायचे तर उजव्या हातानं, हातात देतात. समोर टाकले तर माज दिसतो. नावाची पट्टी वाचून आणि माझ्या बोलण्यावरून मुलूख ओळखून जालन्या-परभणीकडचा एखादा व्यापारी पाचशेच्या नोटांची घडी अशी अदबीनं पुढं करायचा, "घ्या ताई." मी हात मागं घेऊन टेबलाकडं बोट दाखवायचे. चेहरा पडायचा बिचाऱ्याचा. पण गिऱ्हाइकाच्या हातातून डीलरला काहीच घेता येत नाही, नोट नाही आणि चिप, म्हणजे पैशाऐवजी खेळायची चकती, पण नाही. कॅशियरकडून चिप्स घेऊन आला असाल तर हा प्रश्नच नाही. टेबलावरच घ्यायच्या असतील तर चालू डाव संपू द्या, मग नोटा हिरव्या कापडावर ठेवा आणि हात काढून घ्या. डीलर त्या एकेक करून पसरते, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा मोजते, तेवढ्याच चिप्स मोजून पुढं सरकवते. मगच नोटा टेबलातल्या फटीतून खालच्या पेटीत जातात. या सगळ्यात तुमच्यावर अविश्वास नसतो. असलाच तर माझ्यावर असतो, म्हणून तर टेबल सोडताना मला दोन्ही तळवे उलटसुलट करून वर दाखवावे लागायचे, की हातात काही नाही.

हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळू नये म्हणून. कॅसिनो त्याच्या बरोब्बर उलट. तिथं बोटं उघड्यावर पाहिजेत.

ब्लॅकजॅकचंच घ्या. एकवीसच्या जवळ जायचं, पुढं नाही, एवढं कळलं की खेळ कळला. पण पान हवं असेल तर "दे" म्हणून भागत नाही, बोटानं कापडावर टकटक करायची. नको असेल तर पंजा पालथा धरून आडवा फिरवायचा. गोंगाटात "दे" आणि "नको" कुणाला नीट ऐकू जातं? वाद झाला तर सुपरवायझर रेकॉर्डिंग बघून निकाल देतो, आणि तिथं बोलणं नाही, खूण दिसते. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावायचा नाही. मिटून वाटली असतील तर उचला, पण एका हातानं, आणि टेबलाच्या कडेखाली नेऊ नका. आपल्याकडच्या माणसाला हे फार जड जातं. तीन पानं छातीशी धरून, वरच्या पानाआडून दुसरं केसभर सरकवत, फुंकर मारून बघण्यात अर्धी मजा असते ना! मांडीवर पानं घेऊन बसलेल्या एका काकांना मी तीनदा सांगितलं, "काका, वर घ्या." चौथ्यांदा पिट बॉस, म्हणजे टेबलांवर देखरेख करणारा, आला. काका रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, सवय हाय. मांडीवर धरली की पान चांगलं येतंय." (आलं नाही.)

चिप्स एकदा मांडल्या आणि पानं वाटायला सुरुवात झाली की त्यांना शिवायचं नाही. सरळ करायला, मोजायला, कशालाच नाही. निकाल दिसल्यावर गुपचूप चिप वाढवणं किंवा काढून घेणं ही जगभरातली जुनी लबाडी आहे. त्यामुळं तुम्ही नुसती ढासळलेली चळत सावरलीत तरी कॅमेऱ्यामागच्या माणसाचं लक्ष तुमच्यावर जातं. वेगवेगळ्या किमतीच्या चिप्स असतील तर मोठी खाली, छोटी वर ठेवावी.

रूलेट म्हणजे नंबरांचं चाक फिरवतात, चेंडू कुठल्या नंबरावर थांबेल त्यावर चिप्स लावायच्या. तिथं गर्दी जास्त, म्हणून गोंधळही जास्त. तिथं प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिप्स देतात, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. चेंडू फिरत असताना "नो मोअर बेट्स" (आता चिप्स लावणं बंद) ऐकू आलं की हात मागं. नंबर लागला की डीलर त्या घरावर एक छोटी खुंटी ठेवते. ती उचलेपर्यंत नवी चिप लावायची नाही आणि जिंकलेली ओढायची नाही. "ताई, कुठला नंबर लावू?" असं डीलरला विचारू नका. तिला सांगता येत नाही, आणि सांगून उपयोगही नसतो. ० ते ३६ अशी ३७ घरं, आणि एका नंबरावर लागलं तर मिळतात एकास ३५. एकास ३६ मिळाले असते तर हिशेब बरोबरीत सुटला असता. मधलं जे उरतं ते कॅसिनोचं, म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरी २ रुपये ७० पैसे. दोन शून्यांचं चाक असेल तर तेच ५ रुपये २६ पैसे होतात, तेव्हा बसण्याआधी शून्यं मोजा.

नियम मात्र खुशाल विचारा. "मी नवीन आहे" म्हणण्यात काही कमीपणा नाही. प्रत्येक टेबलाशी कमीत कमी आणि जास्तीत जास्त बेटची पाटी असते. कमी बेटच्या टेबलावर, गर्दी नसताना बसा, डीलर नीट समजावते. मला तर असे लोक आवडायचे. वैताग यायचा तो न विचारता दुसऱ्याला शिकवणाऱ्यांचा. ब्लॅकजॅकला शेवटच्या खुर्चीवरच्यानं एक पान जास्त घेतलं की इकडून सुरू, "तुमच्यामुळं माझा डाव गेला राव!" त्याच्या त्या पानानं कधी तुमचा डाव जातो, तसा कधी वाचतोही. वाचतो तेव्हा कुणी आभार मानलेले मी पाहिले नाहीत. डीलर बदलली की "हिचा हात जड आहे" हेही नेहमीचंच. डीलर बदलते कारण तिची पाळी संपलेली असते.

बाकीचं चटकन सांगते. वय २१ पूर्ण पाहिजे, ओळखपत्र जवळ ठेवा. फोन टेबलावर नको, फोटो तर मुळीच नको. ग्लास कापडावर ठेवू नका, बाजूला जागा असते. बिअर सांडलं की सगळं टेबल थांबतं. बर्म्युडा-चप्पल घालून आल्यावर दारातून परत फिरलेले लोक मी पाहिलेत, तेव्हा बूट घाला. बहुतेक ठिकाणी दारू तिकिटातच असते, आणि ती फुकट आहे असं समजून पिणारा पहाटे चार वाजता हे सगळे नियम विसरतो. फोनवरच्या रमीवर हात बसलेल्यांना वेळ लागतो, कारण तिथं बटण दाबलं की झालं, शेजारी कुणी बसलेलं नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्यानंतर मला हा प्रश्न विचारणारे वाढलेत.

टिप द्यायचीच असेल तर तीही हातात नाही. एक चिप पुढं सरकवा आणि "तुमच्यासाठी" म्हणा. डीलर ती वाजवून पेटीत टाकते. नाही दिली तरी कुणी काही म्हणत नाही.

आता उठायचं कसं, हे कुणी विचारत नाही, पण आपल्या माणसांना खरी गरज त्याचीच आहे. तिर्रटीत जिंकता जिंकता उठलेल्या माणसाला गाव वर्षभर ऐकवतं. "पैसे घेऊन पळाला" म्हणतात. त्या भिडेनं आलेले पैसे घालवेपर्यंत बसून राहिलेले लोक मी कॅसिनोतही पाहिलेत. नांदेडचा एक मुलगा चिप्सकडं बघत मला हळूच म्हणाला होता, "ताई, आता उठलो तर बरं दिसंल का?" तिथं भीड धरायला समोर आहे कोण? डीलर पगारी, शेजारी अनोळखी. दोन डावांच्या मध्ये कधीही उठा. फक्त उठण्याआधी चिप्स डीलरपुढं सरकवून मोठ्या किमतीच्या करून घ्या. रूलेटच्या रंगीत चिप्स तर त्याच टेबलावर बदलाव्या लागतात. तशाच खिशात घालून गेलात तर कॅशियर त्या घेणार नाही, परत टेबलाशी पाठवेल.