‘पाच मिनिटांत उठतो’

ऑनलाइन गेम खेळता खेळता हे वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो. त्या घडीला त्याला तसंच वाटत असतं. घोळ एवढाच, की पाच मिनिटं हे माप त्याच्या हातात नाही. पुस्तकात बोट घालून उठता येतं, सिनेमा थांबवता येतो, पत्ते पालथे टाकून दार उघडायला जाता येतं. ऑनलाइन मॅच मात्र बहुतेक ठिकाणी थांबत नाही. समोर पाच अनोळखी माणसं, बाजूला चार, आणि त्या नऊ जणांना तुमच्या घरात कोण हाक मारतंय याच्याशी काही देणंघेणं नाही.

व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा गेम घ्या. आधी १३ फेऱ्या जिंकेल त्या संघाचा सामना. एका फेरीत शस्त्रं खरेदीची ३० सेकंदं, खेळाची १००, आणि स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावला तर तो फुटायला ४५. एकतर्फी सामना वीसेक मिनिटांत आटोपतो. रँकच्या, म्हणजे क्रमवारीचे गुण पणाला लागलेल्या, सामन्यात १२-१२ झालं तर ओव्हरटाइम, आणि तिथे दोन फेऱ्यांची आघाडी मिळेपर्यंत किंवा मतदानानं बरोबरी ठरेपर्यंत सुटका नाही. मग पाऊण तासही कमी पडतो. म्हणून घरातल्यांना वेळ सांगण्यापेक्षा स्कोअर सांगावा, हे जास्त खरं. ८-७ असेल तर कमीत कमी पाच फेऱ्या उरल्या, ओव्हरटाइम न झाल्यास जास्तीत जास्त नऊ. फेरीला पावणेदोन मिनिटं धरली तर नऊ ते सोळा मिनिटं. ८-७ वर ‘पाच मिनिटं’ हे उत्तर गणितातच बसत नाही. हा हिशोब आठवडाभर मोठ्यानं सांगितला की न खेळणाऱ्या माणसालाही तो पाठ होतो. मग दारातून ‘किती वेळ?’ऐवजी ‘किती झालेत?’ असा प्रश्न येतो. माझ्या मते अर्धं भांडण तिथेच मिटतं.

मधून उठून जावं म्हटलं तर शिक्षा आहे. काउंटर-स्ट्राइक या तशाच गोळीबाराच्या गेममध्ये रँकचा सामना अर्धवट सोडला की पुढचा सामना मिळायला आधी ३० मिनिटं बंदी, पुन्हा केलं तर २ तास, मग २४ तास, मग ७ दिवस, अशी चढती भाजणी. आणि मागे राहिलेले चौघं पाचांशी लढतात ते वेगळंच. शंभर जण उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो त्या बॅटल रॉयलमध्ये एकटं खेळत असाल तर मेल्यावर लगेच मोकळं होता येतं. तिथे गंमत उलटी: जितका चांगला खेळ, तितका उशीर.

बुद्धिबळ या बाबतीत सज्जन वाटतं. ३+२ च्या डावात प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंदं. चाळीस चालींचा डाव दोघांचा मिळून फार तर ८ मिनिटं ४० सेकंदं. याहून नेमकं उत्तर कुठलाच गेम देत नाही. पण छोटा डाव जास्त फसवतो, कारण ‘अजून एक’ म्हणायला तो फार स्वस्त असतो. पाऊण तासाच्या मॅचनंतर माणूस निदान घड्याळ तरी बघतो. नऊ मिनिटांचे सात डाव झाले की तास उलटलेला असतो आणि घड्याळाकडे एकदाही मान वळलेली नसते.

खरी मेख ‘कधी उठायचं’ हे कशावर ठरवलंय यात आहे. गेमची जोड्या लावणारी व्यवस्था तुमच्यासमोर तुमच्याच तोडीचा प्रतिस्पर्धी आणायला धडपडते. म्हणजे जिंकायची शक्यता निम्म्याच्या आसपास, नाणं उडवल्यासारखी. ‘एक जिंकलो की उठतो’ हा करार त्या हिशोबात वाईट नाही: सरासरी दोन डावांत सुटका. मात्र आठातल्या एका संध्याकाळी पहिले तिन्ही डाव हातचे जातात, आणि नेमकं तेव्हाच डोकं सर्वांत तापलेलं असतं. पाच डावांच्या बैठकीत कुठेतरी सलग तीन हार येण्याची शक्यता चारात एक आहे. ते दुर्दैव नव्हे, सर्व्हरचा कट नव्हे, नाण्याचा स्वभाव आहे.

‘रँकचे गेलेले गुण परत आणतो आणि उठतो’ हा करार मात्र सरळ खड्ड्यात नेतो. नाणं उडवत एक पाऊल मागे, एक पुढे चालणारा माणूस सुरुवातीच्या जागी कधी ना कधी परत येतोच, हे गणित सांगतं. पण त्याला लागणारा वेळ सरासरीत मोजायला गेलं तर ती सरासरी अनंत निघते. शिवाय हा हिशोब ताज्या माणसाचा. रात्री दीड वाजता, चिडलेल्या डोक्यानं नाणं निम्म्यावरही राहत नाही. खेळणारे याला टिल्ट म्हणतात. म्हणून निकालावर काहीच ठेवू नये. ‘आज तीन’ म्हणजे तीन, जिंकलो-हरलो काहीही. आणि शेवटची मॅच झोपायच्या तासभर आधी संपेल अशी धरावी, कारण अटीतटीच्या सामन्यानंतर काळजाची धडधड दिवा मालवल्यानं मालवत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये दिसते ती जांभई गेमची कमी, या राहिलेल्या तासाची जास्त.

सिव्हिलायझेशनसारख्या राज्य उभारायच्या, एकट्यानं खेळायच्या, आळीपाळीच्या गेमची तऱ्हा वेगळी. तिथे थांबायला कुणी अडवत नाही, तरी पहाट होते. कारण दर पाळीत काहीतरी अर्धवट असतं. भिंत दोन पाळ्यांत पुरी होणार, शोध तीन पाळ्यांत लागणार, तोवर जहाज किनाऱ्याला लागलेलं. सगळं एकाच वेळी संपलंय असा क्षणच येत नाही. गजर लावून उपयोग नाही, तो हात आपोआप बंद करतो. उपाय साधा आहे: कागदावर पुढच्या तीन चाली लिहायच्या, सेव्ह करायचं, उठायचं. अर्धवट गोष्ट डोक्यातून कागदावर उतरली की डोकं ती धरून बसत नाही.

गिल्डची, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या ऑनलाइन गटाची, गोष्ट जोडीदाराला समजावून सांगायला सर्वांत अवघड. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममधल्या सर्वांत कठीण रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या चढाईला, नेमके २० जण लागतात. एक उठला की एकोणीस जणांची रात्र अडते. बाहेरून दिसतं ते ‘माणसापेक्षा गेम मोठा’. आतून ते माणसं विरुद्ध माणसं असं असतं, आणि दोन्हीकडच्यांना शब्द दिलेला असतो. म्हणून रेडचे वार आठवड्याच्या सुरुवातीलाच घरच्या कॅलेंडरवर चढवावेत आणि घरचे वार गिल्डला कळवावेत, म्हणजे बदली खेळाडू बघून ठेवता येतो. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात.

हेडफोनबद्दल थोडं. दोन्ही कान झाकलेल्या माणसानं दिलेला ‘हं’ हा होकार धरू नये, हे घरातल्यांनी एकदाच ठरवून टाकलेलं बरं. खेळणाऱ्यानं एक कान मोकळा ठेवावा. गेममधल्या शत्रूच्या पावलांची दिशा ओळखायची असेल तेव्हा हे जमत नाही, पण रोजच्या साध्या मॅचमध्ये चालतं. माइक कायम उघडा न ठेवता बटण दाबल्यावरच आवाज जाईल असा ठेवावा. नाहीतर घरातलं ‘पुन्हा बसलास?’ चार अनोळखी लोक ऐकतात, आणि त्यातला एखादा उत्तरही देतो.

उशिरा जेवणारा प्रत्येक जण आजारी नसतो, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गवारीत गेमिंगचा विकार आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यावर खेळाची कुरघोडी आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं, हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. बहुतेक घरांतला प्रश्न इतका मोठा नसतो. तो क्यूच्या, म्हणजे पुढच्या मॅचच्या रांगेत लागायच्या, बटणापाशी असतो.

कारण मॅच संपल्यावर बऱ्याच गेममध्ये पडद्यावर ‘पुन्हा खेळा’ ठळक, मधोमध असतं आणि ‘बाहेर पडा’ कोपऱ्यात, फिकट. त्यात कानात मित्र म्हणतो, ‘एकच, चल.’ त्या वेळी नाही म्हणणं फार जड जातं. ‘ही माझी शेवटची’ हे क्यूला लागण्याआधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं असेल, तर मॅच संपता संपता मित्रच विचारतो, ‘तू निघतोयस ना? मग तुझ्या जागी कोण?’