तुम्ही विचारलंत म्हणून : विम्याचं तेव्हा का नाही दाखवलंत?

लग्नाच्या पंगतीत विचारता, दहाव्याला घाटावर विचारता, मोंढ्यात सोयाबीनचा काटा होईपर्यंत वेळ जात नाही म्हणून विचारता. "पत्रकार साहेब, रमीचं तेवढं दहा दिवस दाखवलंत. पीकविम्याचे नियम बदलले, ते तेव्हा का नाही दाखवलंत?" त्या 'साहेब'मध्ये काय असतं ते मला कळतं. आजवर मी हसून चहा मागवत आलो. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

रमीचं तुम्हाला पाठ आहे. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, विधान परिषदेतलं बाक, हातात मोबाईल, मोबाईलवर पत्ते. 20 जुलै 2025 ला रोहित पवारांनी व्हिडिओ टाकला. मंत्री म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. त्याच दिवशी आपल्या लातुरात कोकाटेंच्याच पक्षाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते फेकले गेले आणि फेकणाऱ्या छावा संघटनेच्या माणसाला मारहाण झाली. तिथून पुढं दहा दिवस अख्ख्या महाराष्ट्रात पत्त्यांचे कॅट खपले.

मी तालुक्याचा स्ट्रिंगर. पगार नाही, बातमीमागं पैसे, तेही बातमी लागली तर. पेट्रोल आपलं, मोबाईल आपला, चॅनेलचा फक्त बूम, म्हणजे लोगोवाला माईक. तुम्हाला वाटतं बूम हातात असला की माणूस ठरवतो काय दाखवायचं. बूम हातात असलेल्या माणसाला फक्त एवढं ठरवता येतं की आज गाडीत किती रुपयांचं पेट्रोल टाकायचं.

हे झालं माझं रडगाणं. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही.

विम्याचा शासन निर्णय मी मे महिन्यातच वाचला होता. एक रुपयातला पीकविमा बंद झाला हे सगळ्यांना कळलं, कारण रुपया सगळ्यांना कळतो. बोगस अर्ज फार झाले होते, हेही खोटं नव्हतं. पण त्याच निर्णयात दुसरी एक गोष्ट होती. 2023 च्या खरिपापासून चाललेल्या त्या योजनेत तुमच्या एकट्याच्या शेतात पाणी घुसलं तरी 72 तासांत कळवायचं, कंपनीचा माणूस येऊन तुमचंच शेत बघायचा. याला ट्रिगर म्हणतात. पेरणीच झाली नाही, मधेच पावसानं ताण दिला, कापून ठेवलेलं भिजलं, असे वेगवेगळे ट्रिगर होते. ते सगळे काढून टाकले. 2025 च्या खरिपापासून फक्त पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ठरावीक ठिकाणी कापणी करायची, सरासरी काढायची, ती उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे मागच्या वर्षांच्या उत्पादनावरून ठरवलेल्या आकड्याच्या, खाली आली तरच भरपाई. म्हणजे नदीकाठच्या चार एकरांचं वाटोळं झालं आणि माळावरच्यांचं बरं पिकलं, तर कागदावर मंडळ सुखी. हप्ता मात्र आता रुपया नाही, खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत.

मला कळलं होतं. मे महिन्यातच कळलं होतं. मी बातमी पाठवलीसुद्धा. लागली नाही. जूनमध्ये परत पाठवली. "सर, यात व्हिज्युअल काय आहे?" व्हिज्युअल म्हणून शासन निर्णयाच्या पीडीएफचा फोटो होता.

आता तो दिवस. तारीख 24 जुलै. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विमा भरायची मुदत 31 जुलै होती. सेवा केंद्रांवर गर्दी, सर्व्हर डाऊन, फार्मर आयडी जुळत नाही, नेहमीचंच. तिथं आप्पा भेटले. नाव सांगत नाही, गावही नाही. तेरणेच्या काठाला चार एकर, सगळं सोयाबीन. माळकरी माणूस, आषाढीची वारी करून नुकतेच परतलेले. विमा भरून पावती घडी करून टोपीत ठेवत होते. मी सहज विचारलं, "आप्पा, काय काय बदललंय माहीत आहे का?" नव्हतं माहीत. मी दगडावर बसून सगळं समजावलं. आप्पांनी दोन वेळा विचारून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे माझं पाण्यात गेलं आन् गावाचं टिकलं, तर मला कायच नाही? मग हा विमा माझा काढायलालेत का गावाचा?"

एवढ्या वर्षांत इतका नेमका बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासाठीचं बोलणं, मला मिळाला नव्हता. तिथंच कॅमेऱ्यावर पुन्हा बोलायला लावला. अंगावर काटा आला होता. चॅनेलच्या डेस्कला फोन केला. पलीकडची मुलगी हुशार आहे, वाईट अजिबात नाही, तिचंही वरच्यांपुढं काही चालत नाही. ऐकून म्हणाली, "सर, बाईट कडक आहे. पण नुसता विमा आज जाणार नाही. शेतकरी बांधावर पत्ते खेळून निषेध करतायत असं काही मिळतंय का? मग त्यात हा बाईट घुसवते. नक्की."

मी पानटपरीवरून पत्त्यांचा कॅट घेतला. 50 रुपयांचा. आंदोलन कोणाचंच नव्हतं. संघटना नव्हती, निवेदन नव्हतं. मी होतो, कॅट होता, आणि आप्पांच्या शेजारची दोन पोरं होती, टीव्हीवर यायला तयार. आप्पा तयार नव्हते. म्हणाले, "गळ्यात माळ आहे बाबा. आम्ही पत्त्याला हात लावत नसतोत."

आणि मी म्हणालो, "आप्पा, खेळायचं नाही. नुसते धरायचे. त्याशिवाय तुमचं बोलणं दाखवायचे नाहीत."

आप्पांनी माळ सदऱ्याच्या आत घातली. पत्ते धरले. कसे धरायचे हेसुद्धा माहीत नव्हतं, चित्रं कॅमेऱ्याकडे आणि पाठ स्वतःकडे. एका पोरानं हात धरून नीट करून दिले. मी दोन अँगल घेतले, एक पिकातून, एक चेहऱ्याचा.

रात्री लागलं. 22 सेकंद. खाली पट्टी, 'बळीराजाचा बांधावर रमीचा डाव'. मागं कसलंसं संगीत. आप्पांचा चेहरा होता, पत्ते होते, बोलणं नव्हतं. त्याऐवजी मुंबईत बसलेल्या एका प्रवक्त्याचं बोलणं होतं. मी फोन केला तर ती म्हणाली, "सर, टाकला होता मी. वरून काढला. ट्रिगर-बिगर कुणाला कळतंय?"

बातमीचे पैसे आले. नाही कसं म्हणू.

हरिपाठाला गेले की पोरं आप्पांना विचारायला लागली, "आप्पा, डाव मांडायचा का?" त्यांच्या मुलीनं सासरहून फोन करून रडून घेतलं, हे मला पोरांकडून कळलं. आप्पा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

31 जुलैच्या रात्री कोकाटेंचं कृषी खातं गेलं. त्यांना क्रीडा खातं मिळालं, कृषी दत्तात्रय भरणेंकडे आलं. क्रीडा खात्यावरून झालेले विनोद तुम्हीच मला पाठवले होते, माझ्याकडे अजून आहेत. माझं त्या रात्रीचं स्टेटसही आहे : 'शेतकऱ्यांच्या पत्त्यांनी मंत्र्याचा डाव उधळला.' खाली हातात हात घातलेले तीन इमोजी. मुळात विमा भरायची शेवटची तारीख तीच, 31 जुलै. पुढं ती 14 ऑगस्टपर्यंत वाढवली, ती बातमी स्क्रोलवर गेली. ट्रिगर जिथं होते तिथंच राहिले, म्हणजे नव्हते तिथं.

आता माझं आणि माझं जे भांडण चालतं ते सांगतो. स्टेटस ठेवणारा मी म्हणतो, अरे, ज्या मंत्र्यानं ढेकळांचे पंचनामे करायचे का म्हणून विचारलं, भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही असं विम्याबद्दल बोलला, कर्जमाफीच्या पैशातून लग्नं करता म्हणून शेतकऱ्यालाच सुनावलं, त्याचं खातं एका व्हिडिओनं गेलं. तुझ्या पीडीएफनं काय गेलं असतं? सभागृहात मोबाईलवर पत्ते ही किरकोळ गोष्ट आहे का? लोकांना राग आला तो पत्त्यांचा नव्हता, आधीच्या सगळ्याचा होता. पत्ते दिसले एवढंच.

हे मला खोडता येत नाही. खरंच येत नाही.

मग दुसरा मी म्हणतो, दिसलं तेवढंच गेलं ना? त्याच पावसाळी अधिवेशनात, रमीच्या व्हिडिओच्या आधी, सरकारनं विधान परिषदेत लेखी उत्तर दिलं की जानेवारी ते मार्च 2025 या तीन महिन्यांत राज्यात 767 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातली 373 प्रकरणं मदतीला पात्र, 200 अपात्र, बाकीची चौकशीत. अपात्र म्हणजे जमीन नावावर नाही, कर्ज बिगरपरवाना सावकाराचं आहे, असं काहीतरी. पात्र ठरला तर मागं राहिलेल्यांना 1 लाख. हा आकडा आमच्याकडे एक दिवस चालला. आणि मंत्री 18 मिनिटं खेळले की 22, यावर किती दिवस चर्चा झाली ते तुम्ही मोजा.

आणखी एक. फेब्रुवारी 2025 मध्ये नाशिकच्या न्यायालयानं याच मंत्र्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. 1995 चं प्रकरण, मुख्यमंत्री कोट्यातली घरं खोटी कागदपत्रं देऊन घेतल्याचं. शिक्षेला स्थगिती मिळाली आणि ते कृषिमंत्री राहिले. न्यायालयाचा निकाल आला तेव्हा खातं हललं नाही, मोबाईलचा व्हिडिओ आला तेव्हा हललं. याला आम्ही जबाबदार असू. पण निकालाच्या दिवशी ती बातमी मी स्वतः केली होती, गावातल्या प्रतिक्रियांसकट, आणि ती किती जणांनी पुढं पाठवली ते मला ठाऊक आहे. पत्त्यांच्या त्या 22 सेकंदांचा तुकडा लाखांत पाहिला गेला. ट्रिगरवर मी माझ्या स्वतःच्या यूट्यूबवर सात मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता, तो आजवर 212 वेळा पाहिला गेला, त्यातले चाळीसेक वेळा मीच. वर्तमानपत्रांत तर विम्याचे बदल छापूनही आले होते. तुम्ही काय पाहत होतात, असं मी पंगतीत उलट विचारत नाही. जेवण तुमच्याकडचं असतं.

पण आप्पांना हे ऐकवता येत नाही. त्यांच्याकडे साधा फोन आहे.

सप्टेंबरचं तुम्हाला सांगायला नको. तेरणा अशी पसरली की बांध कुठला आणि पात्र कुठलं कळेना. मी चार दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहून लाइव्ह देत होतो, आणि त्या चार दिवसांत डेस्कनं एकदाही व्हिज्युअल काय म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, "सगळं गेलं. खालची मातीबी गेली. दोन दिवस झाले, आजचा तिसरा. ते 72 तासाच्या आत कळवायचं असतंय ना, तो नंबर दे."

मला काही सुचेना. म्हणालो, "आप्पा, ते बंद झालंय. मी सांगितलं होतं की सेवा केंद्रावर. तुम्हीच तर त्यावर बोललात, कॅमेऱ्यासमोर."

बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "मी? मी तर पत्ते धरले होते."

त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. दगडावर बसून त्यांनी दोनदा विचारून घेतलेलं, तो सोन्यासारखा प्रश्न, सगळं पुसलं गेलं होतं. दोन महिने गाव त्यांना पत्त्यांवरून चिडवत होतं, मग त्या दिवसाचं दुसरं काय राहणार?

आता तुम्ही म्हणाल, बाईट लागला असता तर ट्रिगर परत आले असते का? नसते आले. पूर थांबला असता का? नाही. सरकारनं ऑक्टोबरमध्ये 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातून आप्पांना काही मिळालं, ते किती आणि कधी हा वेगळा विषय. म्हणजे माझ्यामुळं त्यांचं पैशाचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही. मी हा हिशेब रात्री पुष्कळदा मांडलाय. दर वेळी मी सुटतो आणि दर वेळी झोप येत नाही.

आणि तरी मी हे काम सोडलेलं नाही. सोडलं असतं तर हा लेख जरा बरा दिसला असता.

डिसेंबरमध्ये सत्र न्यायालयानं कोकाटेंची ती शिक्षा कायम ठेवली आणि मंत्रिपद गेलं. पुढं आमदारकी टिकण्यापुरता दिलासा त्यांना सर्वोच्च न्यायालयात मिळाला. निकालाच्या दिवशी संध्याकाळी डेस्कचा फोन आला. तीच मुलगी. घराच्या प्रकरणाचा निकाल, घरांची कागदपत्रं, 30 वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणाली, "सर, फ्लॅटचं व्हिज्युअल काहीच नाहीये. तुमचे ते जुलैचे पत्त्यांचे शॉट्स आहेत का अजून?"

होते. पाठवले. आप्पांचा चेहरा काढून पाठवायला हवे होते, हे फाईल गेल्यावर सुचलं.