बिघडलेल्या पंपाचा आवाज

पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या नव्या वेबसाइटचं काम आमच्याकडे होतं. त्या दिवशी मॅडमना, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंना, पहिलं पान दाखवायचं होतं. पान उघडताच कंपनीची दीड मिनिटाची फिल्म संगीतासकट सुरू व्हावी, अशी त्यांची इच्छा. पान उघडलं, फिल्म सुरू झाली, पण मुकी.

"अहो, आवाज कुठे गेला?"

आवाज ब्राउझरने अडवला होता. सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये हे धोरण आणलं: पाहणाऱ्याने स्वतः काही दाबल्याशिवाय आवाजी व्हिडिओ सहसा आपोआप वाजत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. अंध माणूस पान वाचतो तो स्क्रीन रीडरच्या, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवाजावर. त्यावर दुसरं संगीत चढलं, तर ते बंद करायचं बटण कुठे आहे हेही त्याला ऐकू येत नाही. म्हणूनच वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, ३ सेकंदांहून जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय आवश्यक मानली आहे.

मॅडमची समजूत पटली नव्हती. तेवढ्यात शेजारच्या सर्व्हिस विभागातून काकांचा आवाज आला. सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते फोनवर ग्राहकाला सांगत होते, "फोन पंपाजवळ धरा. आणखी जवळ. आत खडे फिरताहेत असं वाजतंय का?"

हे लक्षण कॅव्हिटेशनचं. सक्शनच्या, म्हणजे पाणी आत ओढण्याच्या बाजूला दाब फार उतरला की पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त दाबाच्या जागी पोचताच फुटतात. हे चालू राहिलं तर इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चक्राचा धातू कोरला जातो. काकांना तो आवाज दारातून ओळखू येतो, पण फोनवरून नीट कळेना. कळणार तरी कसा! साध्या टेलिफोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो, त्यामुळे बेअरिंगची बारीक शिट्टी बहुतेक वेळा वाटेतच गळते. व्हिडिओ कॉलवर वेगळीच पंचाईत. तिथलं सॉफ्टवेअर सलग येणाऱ्या घरघरीला गोंगाट समजून पुसून टाकतं, आणि इथे तर ती घरघरच ऐकायची असते.

मी मॅडमना म्हटलं, हे आवाज वेबसाइटवर ठेवू. ग्राहकच आपल्या पंपाशी ताडून बघेल.

"बिघाडाचे आवाज? आपल्याच वेबसाइटवर?"

उत्तर काकांनी दिलं. "मॅडम, पंप कुणाचाही असू दे, सक्शनची जाळी चोंदली की तो वाजणारच. निदान आमचा माणूस निघताना कुठला पार्ट घ्यायचा ते तरी कळेल."

दुपारी टेस्ट बेंचवर रेकॉर्डिंग केलं. आधी धडधाकट पंप. मग काकांनी सक्शनचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत नेला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरायला लागला आणि खडखड सुरू झाली. दुरुस्तीला आलेल्या एका मोटरचं बेअरिंग गेलं होतं, तेही घेतलं. माइकचं अंतर आणि रेकॉर्डरची पातळी अजिबात हलवली नाही. भाषणाच्या ऑडिओत आपण सगळ्या क्लिप एका पातळीवर आणतो, ते इथे मुद्दाम टाळलं. धडधाकट पंप हळू वाजतो, हीच तर ऐकणाऱ्याला हवी असलेली माहिती आहे.

१५ सेकंदांची मोनो एमपी३ क्लिप, १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट; ८ बिट म्हणजे एक बाइट), जेमतेम २४० केबी भरते. फिल्मची मूळ फाइल ८ एमबीपीएसची (सेकंदाला ८ मेगाबिट), म्हणजे दीड मिनिटाला ९० एमबी! हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर मॅडम स्वतःच म्हणाल्या, फिल्म 'आमच्याविषयी' पानावर न्या, ज्याला बघायची तो बटण दाबेल. फिल्म लहान केली आणि एमपी४ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी होती ती सुरुवातीला आणली, त्यामुळे ती चटकन सुरू होते.

आवाजाच्या पानावर 'हेडफोन लावून ऐका' असं ठळक लिहिलं, कारण मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर उमटतच नाहीत. प्रत्येक क्लिपखाली मजकूरही दिला: काटा कसा हलतो, कंप कुठे जाणवतो, पाणी किती कमी येतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो आहेच, शिवाय ऐन पंपहाउसच्या गोंगाटात उभ्या असलेल्या ऑपरेटरलाही तोच वाचावा लागतो. जाळी साफ करायचा क्रम मात्र शब्दांत मावेना, म्हणून त्याचा एक छोटा व्हिडिओ केला, कॅप्शनसह. निवेदन नाही, फक्त काकांचे हात.

शीर्षकांवरून मात्र संध्याकाळपर्यंत वाद चालला. मॅडमना प्रत्येक क्लिपवर बिघाडाचं थेट नाव हवं होतं. काका ऐकेनात. सक्शनमधून हवा शिरली तरी पुष्कळसा असाच आवाज येतो. नाव वाचून कुणी भलताच भाग उघडून बसेल, असं त्यांचं म्हणणं. मला काकांचं पटलं. शेवटी 'खडखड', 'बारीक शिट्टी' अशी ऐकू येतील तीच नावं दिली, खाली संभाव्य कारणं लिहिली, आणि पंप बंद करून सर्व्हिसला फोन करा ही ओळ काकांनी प्ले बटणाच्याही वर घ्यायला लावली.